प्रतिसाद : लांगडॉकचे द्राक्षमळे आणि फिलॉक्सेरानंतरचे संकट

दक्षिण फ्रान्समधील लांगडॉकची भरभराट फिलॉक्सेरा या किडीने कायमची संपवली, हे मत मला अपुरे वाटते. १८६८ च्या जुलैमध्ये लांगडॉकमधल्या माँपेलिए शहराचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांचे सहकारी रोन नदीच्या मुखाजवळच्या मळ्यात पोचले, तेव्हा मेलेल्या वेलींच्या मुळांवर त्यांना काहीच सापडेना. शेजारच्या, अजून तग धरून असलेल्या वेली उपटल्या, तेव्हा कुठे भिंगाखाली मुळांतला रस शोषणाऱ्या बारीक पिवळ्या किडींचे थर दिसले, कारण वेल मेली की कीड पुढच्या वेलीकडे सरकत असे. नुकसान भयंकर होते, यात वाद नाही. परंतु या किडीला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले, आणि खरे दुखणे त्यानंतरचे आहे.

सपाट जमिनीवर आरामाँसारख्या भरघोस पिकणाऱ्या, पण फिक्या वाइनच्या जातीची लागवड वाढली. त्यातच अल्जीरियाची वाइन येऊ लागली आणि चोथ्यात साखर-पाणी घालून केलेली बनावट वाइन बाजारात खपू लागली, तेव्हा भाव कोसळले. ९ जून १९०७ रोजी माँपेलिएत लाखो लोक रस्त्यावर आले आणि काही दिवसांतच याच भागातल्या जवानांची भरती असलेल्या १७ व्या पायदळ पलटणीने बंड केले. २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला. कष्टकऱ्यांच्या या लढ्याला चर्चेत किडीइतकीच जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.