मांगा वाचणाऱ्यांनो, कुठली धरली आणि कुठली सोडली?

मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, नाव काढलं की आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक, "ती पोरांची कार्टून ना?" आणि दुसरं, "वन पीस वाचलं नाहीस अजून?" पहिलं म्हणणाऱ्यांशी वाद घालून मी दमलोय आणि दुसरं म्हणणाऱ्यांशी वाद घालायची माझी छाती नाही. जपानात शाळकरी पोरांची 'शोनेन' मासिकं-साप्ताहिकं वेगळी, मुलींची 'शोजो' वेगळी, मोठ्यांची 'सेइनेन' वेगळी. शेती, स्वयंपाक, वाइन, शोगी (जपानी बुद्धिबळ), शस्त्रक्रिया, विषय कुठलाही घ्या, त्यावर कुणीतरी वीस खंड काढून ठेवलेले असतात. त्यामुळे "मांगा आवडते का" हा प्रश्न "पुस्तकं आवडतात का" इतकाच मोघम आहे. तेव्हा नेमकं लिहा: कुठली मालिका वाचलीत, का धरून ठेवलीत, कुठे सोडलीत. कामाधंद्यामुळे तुम्हाला त्यात काही वेगळं दिसलं असेल तर ते आधी येऊ द्या. शेवट फोडणार असाल तर आगाऊ सूचना द्या, नाहीतर लोक शिव्या घालतात.

सुरुवात माझ्यापासून. 'डेथ नोट', २००३ ते २००६, १२ खंड. लाइट यागामी नावाच्या हुशार पोराला एक वही सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून तीत ज्याचं नाव लिहावं, तो मरतो. पहिले सात खंड जेवतानासुद्धा हातातून सुटले नाहीत. सातव्यात एक पात्र जातं (कोण ते सांगत नाही) आणि गोष्टीतला जीवही त्याच्याबरोबर जातो. उरलेले पाच खंड म्हणजे वहीच्या नियमांची वकिली. ती मी निव्वळ कर्तव्य म्हणून वाचली. ताकेशी ओबाता यांच्या चित्रांना मात्र तोड नाही. माणसं नुसती खोलीत बसून बोलतायत अशी पानंच्या पानं आहेत, तरी नजर हलत नाही. लाइटच्या मागावर असलेला तो गुप्तहेर एल खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन उकिडवा बसतो आणि फोन दोन बोटांच्या चिमटीत धरतो, एवढ्यावरच निम्मं पात्र उभं राहतं.

वाळवा तालुका, सांगली

मला मांगा-बिंगा काही माहीत नव्हतं. आमचा दुधाचा धंदा. पुतण्यानं टॅबवर 'सिल्व्हर स्पून' लावून दिलं आणि म्हणाला, "काका, हे तुमच्यावरच काढलंय." बाई हिरोमू अराकावा. होक्काइदोत गोठ्यावरच वाढलेल्या, स्वतःचं चित्र काढायचं झालं तर गाय काढतात. शहरातला हाचिकेन नावाचा पोरगा अभ्यासाच्या कटकटीला वैतागून शेतकी शाळेत जातो, ही गोष्ट. १५ खंड, २०११ ते २०१९. अंडं कोंबडीच्या कुठल्या वाटेनं येतं हे कळल्यावर त्याची अंड्यावरची वासनाच उडते, तिथं मी मोठ्यानं हसलो.

पण जीवाला लागलं ते त्याच्या वर्गातल्या कोमाबाचं प्रकरण. कर्ज फिटत नाही, गोठा बंद होतो, गाई विकल्या जातात. एवढ्यावर थांबत नाही. शेजारी त्यांना जामीन राहिलेला असतो, त्याच्या घरचे घोडेही जातात. जामीनकीनं दोन घरं कशी बसतात हे आमच्या भागात कुणाला शिकवायला नको, पण ते चित्रात कुणी काढलेलं मी पहिल्यांदा बघितलं. बँकवाला वाईट दाखवलेला नाही, बाप व्यसनी दाखवलेला नाही. हिशेब जमला नाही, एवढंच. आपल्याकडच्या सिनेमात लगेच सावकार मिशीला पीळ देत आला असता.

एक गोष्ट पटली नाही म्हणण्यापेक्षा जुळली नाही. तिकडं न चालणारं जनावर सरळ कत्तलखान्यात जातं. पोरगं रडतं, पण वाट मोकळी असते. आपल्याकडं २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला खोंड झाला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न दावणीला बांधलेलाच राहतो. त्यावर एक खंड कुणीतरी मराठीत काढा.

पनवेल

डोरेमॉन चालेल का? आमची पिढी हिंदीतून वाढली. तो मुळात १९६९ च्या डिसेंबरात आला, ४५ खंडांचा आहे, हे नोकरीला लागल्यावर कळलं. कागदावरचा नोबिता टीव्हीवरच्यापेक्षा बराच डांबरट आहे आणि गोष्ट दहा-बारा पानांत आटोपते. तेवढंच बरं.

ठाणे

आणि शिन-चॅन? माझ्या लेकानं त्याचं बघून आजीला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. २००८ मध्ये आपल्याकडे टीव्हीवर तो काही काळ बंद होता, तेव्हा मी एकटीनं पेढे वाटले असते. पण योशितो उसुई यांनी १९९० पासून तो काढला तो मोठ्यांच्या साप्ताहिकात. दमलेल्या आईबापांनी हसावं म्हणून. ते कळल्यावर मूळ मांगा इंग्रजी भाषांतरात मागवून वाचला आणि त्याची आई मिसाए माझी मैत्रीणच झाली. घराचं कर्ज, नवऱ्याचे मोजे, सेलमधली झुंबड. दोष द्यायचा तर तो पोरांच्या वाहिनीवर कुणी लावला त्याला द्या.

एक सर्जन

गाव सांगत नाही, कारण पुढे लिहितोय ते आमच्याकडेही घडतं. नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर', १८ खंड, १९९४ ते २००१. ड्युसेलडॉर्फमधला जपानी मेंदूशल्यविशारद तेन्मा. सुरुवातीला वरून आदेश येतो म्हणून तो आधी आलेल्या तुर्की मजुराला सोडून एका ऑपेरा गायकावर शस्त्रक्रिया करतो. मजूर जातो आणि त्याची बायको कॉरिडॉरमध्ये तेन्माला धरते. पुढच्या वेळी डोक्यात गोळी लागलेला मुलगा आणि महापौर एकाच वेळी येतात. या खेपेला तो मुलाला घेतो. महापौर दगावतो, तेन्माची बढती जाते, ठरलेलं लग्नही मोडतं. नऊ वर्षांनी कळतं की वाचवलेला मुलगा खुनी झालाय. हे पहिल्या खंडातच येतं, तेव्हा मी काही फोडलेलं नाही.

लोक त्या खुन्यावर बोलतात. मला विचाराल तर खरी मालिका त्या कॉरिडॉरमध्ये आहे. 'साहेबांचा' फोन आला की यादीतली नावं वरखाली होतात आणि रात्री झोप लागत नाही ती आदेश देणाऱ्याला नव्हे. उरासावांनी बाईच्या तोंडी भाषण घातलेलं नाही, ती नुसती हातांनी त्याला बडवते. बारावीनंतर मेडिकलला चाललेल्या प्रत्येकाला तेवढी दहा पानं द्यावीत.

मधले खंड पसरट आहेत. दर थोड्या वेळानं नवं पात्र, त्याचं दुखरं बालपण, आणि मग ते मरतं. पंधराव्या खंडापर्यंत माझा संयम सुटत आला होता.

त्यापेक्षा ओसामू तेझुकांचा 'ब्लॅक जॅक' खुशाल थापा मारतो, म्हणून जास्त आवडतो. तेझुका स्वतः ओसाकाला वैद्यकी शिकलेले, परवाना मिळालेले. आणि त्यांचा नायक बिनपरवान्याचा, अवाच्या सवा फी घेणारा. एका बाईच्या टेराटोमातून (अवयव वाढलेल्या गाठीतून) निघालेले अवयव जोडून तो चक्क एक मुलगी उभी करतो. वाचताना पहिल्यांदा पान मिटून ठेवलं. आता ती पिनोको माझी लाडकी आहे.

रत्नागिरी

'हायक्यू'बद्दल कुणीच कसं बोललं नाही! ४५ खंड, २०१२ ते २०२०. काढणारे हारुइची फुरुदाते शाळेत स्वतः व्हॉलीबॉल खेळायचे, ते पानोपानी कळतं. उडी मारणाऱ्याचा दंड, वाकलेला मनगटाचा सांधा, जाळीवरून दिसणारं समोरचं मोकळं मैदान. आमच्याकडे गावच्या स्पर्धा रात्री हॅलोजनखाली होतात. बुटक्या पोराला सगळे मागच्या रांगेत ढकलतात. मीही मागच्या रांगेतलाच. बुटक्या नायकाला, हिनाताला, कोण उभं करतं यापेक्षा तो जाळीपाशी उभं राहायचा हट्ट सोडत नाही, ते मला भावलं.

सगळ्यात भारी म्हणजे पहिल्याच फेरीत गारद झालेल्या शाळांना दिलेली पानं. नावंसुद्धा न आठवणारे संघ. आम्हीही व्हॉलीबॉल खेळलो, एवढंच त्यांचं म्हणणं. आमचा संघ दरवर्षी त्याच पानांवर असतो.

तक्रार एकच. एकेक सामना खंडच्या खंड खातो. बास्केटबॉलवरच्या 'स्लॅम डंक'मध्येही सान्नो शाळेविरुद्धचा सामना लांबतो, पण तिथे शेवटची पानं जवळपास शब्दांवाचून पळतात आणि पुढच्या फेरीत संघ सपाटून हरतो हे एका ओळीत उरकलंय. ताकेहिको इनोउए यांची ती हिंमत हायक्यूत नाही.

नाशिक

समुद्री चाच्यांची 'वन पीस' सोडली. कुठे तेही सांगतो: ड्रेसरोझात. एक बेट, शंभर प्रकरणं! १९९७ च्या जुलैत सुरू झालेली मालिका, म्हणजे माझ्याहून वयानं मोठी, शंभरावा खंड २०२१ मध्ये आला आणि खजिना अजून सापडायचाय. एका पानावर इतकी माणसं, इतके आवाज आणि इतके अश्रू की बोट ठेवून वाचावं लागतं.

नाशिककरांना उत्तर, बेळगावहून

ड्रेसरोझात सगळेच घसरतात. तिथून होल केक बेटापर्यंत कळ काढा, मग बोलू. ५० कोटींवर प्रती काय लोकांनी रद्दीत घालायला घेतल्या? गंमत खजिन्यात नाहीच. लेखक ओदा पहिल्या पंचवीस खंडांत टाकलेली फालतू वाटणारी चौकट साठाव्या खंडात वसूल करतात. एकदम बसून वाचणाऱ्याला कंटाळा येतो. आम्ही दर आठवड्याला एक प्रकरण वाचतो. प्रकाशकांच्याच 'मांगा प्लस' साइटवर पहिली तीन आणि ताजी तीन फुकट असतात, चोरट्या साइटींच्या नादी लागायचं कारण नाही. एका खंडाला चारशे-पाचशे मोजायचे तर शंभर खंडांसाठी बैल विकावा लागेल, हे मान्य.

पुणे, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका

'अ सायलेंट व्हॉइस', योशितोकी ओइमा, फक्त ७ खंड. ओइमांच्या आई सांकेतिक भाषेच्या दुभाषी होत्या. शोको नावाची बहिरी मुलगी साध्या शाळेत येते आणि शोया तिच्या कानातली यंत्रं ओढून फेकतो. वर्गातली मुलं हसतात. वर्गशिक्षक काणाडोळा करतात. त्या सरांचा मला शोयापेक्षा जास्त राग आला, कारण असे शिक्षक मी स्टाफरूममध्ये पाहिलेत.

पुढे शोयाची आई भरपाईचे पैसे द्यायला जाते आणि परत येते तेव्हा तिच्या कानातून रक्त येत असतं. काय झालं ते कुणी बोलत नाही. मोठा झालेला शोया कुणाच्या डोळ्यांत बघू शकत नाही, म्हणून सगळ्यांच्या चेहऱ्यांवर फुलीच्या चिठ्ठ्या दिसतात. ही युक्ती सोपी आहे, पण माझ्या आठवीच्या मुलांना एका झटक्यात समजली. त्याहून मोठी कमाल शेवटाकडच्या एका प्रकरणात आहे. तिथे गोष्ट शोकोच्या बाजूनं चालते आणि इतरांच्या बोलण्यातली अक्षरं अर्धवट खोडलेली असतात. ऐकू येणाऱ्या पालकांना मी तेवढंच प्रकरण दाखवते.

मला खटकलं ते शोको फार गोड असणं. आमच्या मुली भांडतात, चावतात, शिव्याही खुणांनी देतात. ज्यानं छळलं त्याच्याच प्रेमात पडायची काय गरज होती?

नागपूर

आमच्या घरी बुद्ध म्हणजे बाबासाहेबांच्या ग्रंथातला बुद्ध. तिथे सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेल्या वादापायी; म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. त्यामुळे तेझुकांचा 'बुद्धा' (इंग्रजीत ८ खंड) उघडताना हात आखडताच होता. पहिल्या खंडात बुद्ध जवळजवळ नाहीच! त्याऐवजी आहे चाप्रा नावाचा शूद्र गुलाम पोरगा, जो कोसलच्या सेनापतीला वाचवून त्याचा मानलेला मुलगा होतो आणि जात लपवून वर चढतो. आणि ताता, त्याहूनही खालचा मानलेला, प्राण्यांच्या मनात शिरणारा. दोघंही तेझुकांच्या मनातले. (इथून पुढे फोडतोय.) जात उघडी पडते आणि मायलेक दोघंही मारले जातात. दूर जपानात बसून १९७२ साली एका माणसाला कळलं होतं की बुद्धाची गोष्ट सांगायची तर आधी हे सांगावं लागतं. आमच्याकडच्या सचित्र बुद्धकथांत राजवाडा, हंस आणि रथच चालतात.

नंतर तेझुका चमत्कारांत रमतात आणि मधेच आचरट विनोदही घुसवतात. आईला द्यायचा होता, पण बाया बहुतेक जागी उघड्या छातीच्या. शेवटी दिलाच. तिनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि चाप्राच्या आईपाशी थांबली.

निशी-कासाई, तोक्यो

जपानी शिकणाऱ्यांसाठी: 'योत्सुबातो' घ्या. कांजीच्या (चिनी चित्राक्षरांच्या) शेजारी बारीक काना (उच्चार दाखवणारी अक्षरं) छापलेले असतात, त्यामुळे शब्दकोशात रेडिकल (चित्राक्षराचा मूळ भाग) शोधत बसावं लागत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळते. पाच वर्षांची मुलगी, दत्तक बाप, शेजारच्या तीन बहिणी, बस. एका भागात तिला कुणीतरी सांगतं की एसीमुळे पृथ्वी तापते, आणि ती एसी लावणाऱ्या शेजाऱ्यांना शत्रूच ठरवते. घटना एवढीच. मागे विजेच्या तारा, खांब, भिंतीवरची यंत्रं इतकी जशीच्या तशी काढलीत की मी राहतो ती गल्लीच वाटते. ऑफिसात मात्र योत्सुबासारखं बोलू नका.

कोल्हापूर, निवृत्त

नातीनं 'बेअरफूट गेन' दिलं. केइजी नाकाझावा. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते, शाळेच्या भिंतीनं वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ पडलेल्या घराखाली. हे त्यांनी १९७३ मध्ये पोरांच्या साप्ताहिकात काढलं. चित्रं ओबडधोबड, बाप ऊठसूट मुलांना थोबाडतो, हे खटकतं. पण युद्धाला विरोध करणाऱ्या त्या बापाला बाँबच्या आधीच शेजाऱ्यांनी देशद्रोही ठरवून छळलेलं असतं. अमेरिकेवर राग आहेच, पण त्याआधीची ही पानं लेखक गाळत नाही. २०२३ मध्ये हिरोशिमा शहरानं आपल्या शाळांच्या शांतता-पाठांतून हे काढून टाकलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचवणार नाही.

डोंबिवली

'नाना'. आइ याझावा. नाना नावाच्या दोन मुली, एक खोली, ७०७ नंबरची. २१ खंड झाले, २००९ मध्ये लेखिका आजारी पडल्या आणि मालिका थांबली ती थांबलीच. वन पीसवाल्यांनी आमच्यापुढे रडू नये, तुमचं निदान चालू तरी आहे. कुणाला असंच अधांतरी लटकायचं असेल तर माझा संच घेऊन जा. परत मात्र आणून द्या.