मिनेवांका: नाव राखलं, पण मान राखला का?

डोंगरवाट: गेल्या आठवड्यात आईला घेऊन कॅनडातल्या बान्फजवळच्या मिनेवांका तळ्यावर गेलो होतो. आम्ही कॅलगरीचे, त्यामुळे सोबत इथलीच मराठी मंडळी होती. बोटीत एकाने नावाचा अर्थ 'भुतांचं पाणी' असा सांगितला आणि सगळे हसले. आई मात्र म्हणाली, "म्हणजे आपल्या साती आसरा, पाण्यातल्या देवताच ना रे? त्यात हसायचं काय?" उतरल्यावर काठाशी वाकून तिने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. पाणी इतकं गार की बोटं लाल झाली.

इथल्या मूळ रहिवासी स्टोनी नाकोडा लोकांच्या भाषेत मिनी म्हणजे पाणी. मिनेसोटातलं 'मिने' त्याच कुळातलं. या पाण्यात वास करणाऱ्यांची त्यांना भीती होती आणि आदरही होता. गोऱ्यांनी त्याचं 'डेव्हिल्स लेक', म्हणजे सैतानाचं तळं, केलं. १८८८ मध्ये मूळ नाव परत आलं खरं, पण पुढे १९१२ ला धरण बांधलं, १९४१ ला महायुद्धाचं कारण देऊन आणखी मोठं. आज बान्फ उद्यानात मोटरबोटींना मोकळीक आहे ती याच तळ्यावर. देवस्थानाचं नाव मिरवायचं आणि त्यातच इंजिनं फिरवायची, हे मला पटत नाही. मोटरबोटी बंद व्हाव्यात.

उजनीकाठ: अजिबात पटलं नाही. माझं आजोळ उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा आम्ही होडीनेच जातो दर्शनाला. होडीने देव बाटत नाही. आणि तुमच्या मिनेवांकाच्या तळाशीही एक गाव आहेच की, मिनेवांका लँडिंग. हॉटेल होतं, लोक उन्हाळ्यात राहायला यायचे. आता पाणबुडे जाऊन बघतात. म्हणजे जुनं तळं आता उरलेलंच नाही, आहे तो जलाशय. शिवाय २१ किलोमीटर लांबीचं पाणी म्हाताऱ्या माणसाने बोटीशिवाय कसं बघायचं? तुमच्या आईंनीही बोटीतूनच पाहिलं ना?

डोंगरवाट: हो, बोटीतूनच पाहिलं, नाकारत नाही. पण उजनीच्या देवळाला तुम्ही 'आमचं' म्हणता आणि होडी घालून तिथे जाता. नाकोडांना ती मुभा होती का? १८७७ च्या सरकारशी झालेल्या करारानंतर त्यांची वस्ती मॉर्लीच्या राखीव जमिनीवर आली. पुढे उद्यान झालं, त्यात शिकारीला बंदी आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट तुटली. त्याच लोकांना 'बान्फ इंडियन डेज' नावाच्या मेळ्यासाठी मात्र नटूनथटून बोलवायचे, पाहुण्यांनी बघावं म्हणून! गाव बुडणं वाईटच, पण आपल्याच पाण्यावर परकं होणं त्याहून वाईट.

पाणकळा: दोघांचं वाचलं. दहा हजार वर्षांपूर्वीपासून माणसं या काठावर राहत आली, त्यांची दगडी हत्यारं तिथे सापडली आहेत. आणि बोटी ठेवायच्या की काढायच्या हे ठरवतोय कोण, तर कॅलगरीतला एक मराठी माणूस आणि सोलापूरकडचा दुसरा! हा निर्णय नाकोडांनी सांगायचा आहे. आपल्या हातात आहे ती आपली भाषा. 'भुतांचं' हा शब्द चुकीचा आहे. आपल्याकडे डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड दिसले की पोरंसुद्धा चपला काढतात, त्यांना कुणी भुतं म्हणत नाही.

उजनीकाठ: शब्दाचं मान्य, शंभर टक्के. बोटींचं अजूनही नाही. धरण झालं, वीज आली, ते आता उलटं फिरत नाही. बोट बंद करून नाकोडांच्या हाती काय पडणार? उद्यानाच्या कारभारात त्यांना अधिकार द्या म्हणालात, तर मी तुमच्या बाजूने.

डोंगरवाट: अधिकाराचं मी आधी म्हणायला हवं होतं. ते पहिलं, बोटींचं नंतर, तेही त्यांनी ठरवल्यावर. माझ्यापुरतं सांगतो, पुढच्या वेळी मी काठानेच चालणार. आणि ग्रुपवर आज लिहिलंय की मिनेवांका म्हणजे आसरांचं पाणी. दोघांनी विचारलं, आसरा म्हणजे काय? त्यांना आईचा नंबर दिलाय.