मदत हवी आहे: ट्रेलर जोडला की गाडीचं नाक वर येतं. वेट डिस्ट्रिब्युशन हिच किती ताणायचा आणि खाऱ्या हवेत कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यातला. आमचा घरचा खाण्याचा ट्रेलर आहे. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, मे महिन्यात आमरस. आई आणि मी दोघंच चालवतो. जत्रा असतात, लग्नं असतात, आणि गेल्या वर्षापासून फोंडा घाट चढून राधानगरी, कोल्हापूरकडच्या ऑर्डरीही मिळायला लागल्या आहेत. ओढायला जुनी डिझेल गाडी आहे.

ट्रेलर हुकावर बसवला की गाडीचं बूड खाली जातं आणि पुढचा भाग वर येतो. रात्री समोरचे सगळे डिपर मारतात, कारण माझे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. पण खरी भीती घाटात वाटते. चढावर वळण घेताना स्टिअरिंग इतकं हलकं लागतं की पुढची चाकं रस्ता धरतायत की नाही तेच कळत नाही.

मागच्या महिन्यात महामार्गावर तळेरे आणि नांदगावच्या मध्ये एक बस ओव्हरटेक करून गेली आणि ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागला. मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. पाच-सहा हेलकावे खाऊन ट्रेलर शांत झाला. आई शेजारी बसली होती. त्या दिवसापासून तिला बरोबर न्यायला मन धजावत नाही, आणि तिच्याशिवाय तर धंदाच नाही.

ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला त्यांनी सोबत एक वापरलेला वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे हुकावरचा भार बाकीच्या चाकांवर वाटून देणारी जोडणी, दिला होता. जाड मुंडकं, त्यावर बॉल, मुंडक्यात खालून बसणारे दोन लांब स्प्रिंग बार आणि बारांच्या टोकांना साखळ्या. या साखळ्या ट्रेलरच्या सांगाड्यावरच्या ब्रॅकेटला ओढून अडकवायच्या. सोबत पुस्तक नाही. आमच्याकडच्या दोन गॅरेजवाल्यांनी असली वस्तू पहिल्यांदाच बघितली. मी अंदाजाने साखळ्या ओढून पाहिल्या, गाडी बरीच सपाट झाली. पण किती ओढलं म्हणजे पुरे, हे ठरवायचं कसं?

आणखी दोन गोष्टी. आमचं घर रस्त्याच्या खाली आहे, वर यायला खडी घाटी आहे. तिथे पहिल्याच दिवशी बारांचा असा कडकड आवाज आला की मी थांबलो. आणि समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. महिन्याभरात साखळ्या तांबूस झाल्या आहेत. पावसाळ्यात ट्रेलर चार महिने उभा असतो, तेव्हा हिचचं काय करायचं?

- - -

घाटमाथा_४७ यांचं उत्तर:

भाऊ, त्या वेळी ब्रेक मारला नाहीत हे फार बरं केलंत. गाडीचा जोराचा ब्रेक किंवा घाईने उलटसुलट फिरवलेलं स्टिअरिंग, दोन्हींनी झोल वाढतो. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर तेवढेच हाताने लावायचे.

मी बरीच वर्षं घोड्यांचा ट्रेलर ओढला आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

साखळीला हात लावण्याआधी वजन करा. चिरेखाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वजनकाटा असतोच. आधी नुसती गाडी चढवा. मग ट्रेलर जोडून, बार न लावता, ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून पुन्हा वजन घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावर पडणारा भार. मग एकटा ट्रेलर पूर्ण काट्यावर. हुकावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर झुलतो, फार जास्त असेल तर गाडीचं नाक उचललं जातं. सामान चुकीचं रचलेलं असेल तर ते बार ताणून दुरुस्त होत नाही. बार ते फक्त झाकून टाकतात.

बार करतात काय? मागच्या चाकांवर आलेला भार तरफेसारखा उचलून थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर नेतात. भार नाहीसा होत नाही, गाडीची ओढण्याची ताकदही वाढत नाही.

किती ताणायचं ते टेपने ठरतं. सपाट जागा बघा, देवळासमोरचं पटांगण चालेल. पुढच्या चाकाच्या मध्यावरून जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. एकदा नुसती गाडी, एकदा ट्रेलर जोडून बार मोकळे, एकदा बार ताणून. समजा ८६ सेंटीमीटरचे ८९ झाले. मग बार ताणल्यावर निदान अर्धी वाढ परत खाली यायला हवी, म्हणजे साडेसत्याऐंशी किंवा त्याखाली. पण मूळच्या ८६च्या खाली कधीच नको. तेवढं ताणलंत तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचं बूड सरकतं. आपल्याकडच्या पावसात ही चूक जिवावर बेतू शकते.

ताण कमी पडला तर जास्त कड्या ओढण्यापेक्षा मुंडक्याचा कल थोडा वाढवा, बहुतेक हिचांत त्यासाठी वॉशर असतात. बार आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये निदान पाच कड्या मोकळ्या राहू द्या आणि दोन्ही बाजूंना सारख्याच. घाटातल्या चिमट्यासारख्या वळणावर बार एका बाजूला फिरतात, साखळी आखूड असेल तर ती तुटायला येते.

घाटीवरच्या आवाजाचं कारण हेच. गाडी चढाला लागली आणि ट्रेलर अजून सपाटीवर आहे, तेव्हा मधला कोन व्हीसारखा होतो आणि बारांवरचा ताण एकदम वाढतो. घरातून निघताना बार काढून ठेवा, वर रस्त्यावर सरळ उभं राहून मगच लावा. पऱ्या, म्हणजे ओहोळ, ओलांडायचा असेल तरी तसंच. लावताना-काढताना बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीचं कुलूप बंद ठेवून जॅकने ट्रेलरचं तोंड आणि गाडीचं बूड दोन्ही एकत्र वर उचला, म्हणजे साखळी सैल पडते. ताणलेली साखळी हिसक्याने सोडू नका, ब्रॅकेटची पकड उलटून हात मोडू शकतो. चेहरा आणि कोपर त्या रेषेत नको.

आता माझा प्रश्न, आणि बाकी सगळ्यापेक्षा तो मोठा आहे. तुमच्या गाडीच्या मागचा हुक कोणी बनवलाय? साधा हुक ओढ आणि खाली दाबणारं वजन सोसतो. हा हिच त्याला पिळतो. फॅब्रिकेशनवाल्याने अंदाजाने वेल्ड केलेला हुक या पिळाला टिकेलच असं नाही. चांगल्या हुकाच्या पट्टीवर दोन वेगळी वजनं लिहिलेली असतात, नुसतं पेलायचं वेगळं आणि हिच लावून भार वाटून द्यायचं वेगळं. शिवाय बॉलच्या डोक्यावरचा आकडा बघा. आपल्याकडे ५० मिलिमीटर चालतो, अमेरिकन हिचांवर दोन इंच किंवा सव्वादोनहून थोडा मोठा असतो. ट्रेलरच्या वाटीशी तो जुळलाच पाहिजे.

- - -

मालवणी_खलाशी यांचं उत्तर:

घाटमाथावाल्यांनी बरोबर सांगितलां. आधी वजन कर, मगे साखळी ओढ.

गंजाचं मी सांगतो, आमचं आयुष्य त्यातच गेलं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं. बॉल, वाटीचा आतला भाग आणि बार मुंडक्यात बसतात त्या खोबणी, एवढ्याच ठिकाणी ग्रीस. जुनं ग्रीस पूर्ण पुसून मग नवं. रेती मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं लोखंड खातं. झोल अडवणारी घर्षणाची पट्टी असेल तर तिला तेल-ग्रीस अजिबात लागू देऊ नका, ती घर्षणावरच चालते. पावसाळ्याआधी सगळा संच सोडवून वायर ब्रश, प्रायमर, रंग, आणि घरात माळ्यावर. बाहेर ताडपत्रीखाली ठेवू नका, आत घाम धरतो. साखळीची कडी झिजून बारीक झाली असेल तर रंग देत बसू नका, बदला.

- - -

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. परवा काट्यावर जाऊन आलो. ट्रेलर सामानासकट १३५० किलो, हुकावर २५० किलो. म्हणजे साडेअठरा टक्के! कारण लगेच कळलं. २०० लिटरची पाण्याची टाकी पुढच्या भागात आहे आणि मी ती घरूनच भरून नेत होतो, आमच्या विहिरीचं पाणी चांगलं म्हणून. टाकी रिकामी केली तर ट्रेलर ११५० आणि हुकावर १५०, तेरा टक्के. आता पाणी पोचल्यावर तिथेच भरायचं ठरवलं. आईला पटायला वेळ लागला, सोलकढीची चव पाण्यावर असते असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. पिण्यापुरते दोन कॅन गाडीत नेऊ.

बॉल आणि वाटी जुळतात, दोन्हींवर ५० आहे. पण गाडीखाली झोपून हुक पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. उजव्या बाजूच्या वेल्डवर रंगाला केसाएवढी चीर, आणि चिरेतून गंजाचा ओघळ. आवाज बारांचा नव्हता तर. घासून बघितलं, चीर लोखंडात गेलेली आहे. ज्यांनी हुक बनवला ते म्हणाले, वरून एक वेल्ड मारून देतो. मी नको म्हटलं. ट्रेलर खळ्यात उभा केलाय, रविवारची राधानगरीची ऑर्डर सोडली.

आता एकच विचारायचं आहे. कणकवली ते कोल्हापूर या पट्ट्यात गाडीच्या चासीला बोल्टने बसणारा, वजनाची पट्टी असलेला हुक कोणी बसवून देतं का? कोणी स्वतः बसवून घेतला असेल तर कृपया फोटो टाका, विशेषतः चासीला कुठे धरलाय तो.