मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपला रिफर्बिश्ड मदरबोर्ड घ्यावा का?

लॅपटॉप सहा वर्षांचा, वॉरंटी संपलेली. चार्जरचा दिवा लागतो, पण पॉवर बटण दाबून काहीच होत नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतंय, बोर्ड गेला, नवा येत नाही, रिफर्बिश्ड (दुरुस्त केलेला जुना) बसवू. जुना बोर्ड जमा करावा लागेल. घ्यावा का? डेटा आणि विंडोजचं काय?

प्रतिसाद १
आधी एवढं करा. चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर आतून सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग नुसत्या चार्जरवर सुरू करून पाहा. (काही मॉडेल बॅटरीशिवाय चालूच होत नाहीत, हे लक्षात असू द्या.)

रिफर्बिश्ड म्हणून नाक मुरडू नका. नेमकं काय दुरुस्त केलंय, ते महत्त्वाचं. मॉस्फेट, कॅपॅसिटर किंवा चार्जिंग आयसी असा एखादा छोटा सुटा भाग बदलला असेल तर बोर्ड नीट टिकतो. ग्राफिक्स चिप नुसती तापवून चालू केलेला बोर्ड मात्र बहुतेक वेळा पुन्हा बंद पडतो, कारण दोष चिपखालच्या सोल्डरमध्ये नसून अनेकदा चिपच्या आतल्या जोडांत असतो. बाहेरून बोर्ड घेताना ही भीती जास्त.

प्रतिसाद २
एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) सुटी असेल तर काढून घ्या आणि मगच मशीन द्या. बोर्डलाच सोल्डर केलेली असेल तर बोर्डाबरोबर डेटाही गेला. तो आधी काढून घ्यावा लागेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा. त्या कुलपाची किल्ली जपणारा टीपीएम बोर्डवर असतो, त्यामुळे नवा बोर्ड बसला की जुनी डिस्क ती की मागणारच.

विंडोज ८ पासून कंपनीने घातलेल्या विंडोजची लायसन्स की बायोसमध्ये (बोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) असते. बोर्ड बदलल्यावर सिरियल नंबर आणि लायसन्स दोन्ही नीट करून द्यायला सांगा. मशीन ताब्यात घेताना तिथेच बायोस उघडा: सिरियल खालच्या स्टिकरशी जुळतो का आणि आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिलाय का, तपासा. बिलावर बोर्डाचा पार्ट नंबर आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्या.

धागाकर्ता
धन्यवाद. बॅटरीपण रिफर्बिश्डच देतायत.

प्रतिसाद १
ती नको. लिथियमचे सेल नुसते पडून राहिले तरी म्हातारे होतात. नवीच घ्या, उत्पादनाची तारीख बघून. बसवल्यावर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. फुल चार्ज कपॅसिटी डिझाइन कपॅसिटीच्या बरीच खाली दिसली तर लगेच परत करा.