नऊ फोन एकदम कशाला वाजवायचे? कॉल पाळीनेच जावा

सदाव्यग्र (धागाकर्ता)

आमच्या ऑफिसात बाहेरून आलेला कॉल एकदम नऊ टेबलांवर वाजतो. ईपीएबीएक्स (ऑफिसातले सगळे फोन जोडणारं यंत्र) बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "सगळ्यांना एका ग्रुपात टाकतो, म्हणजे कॉल चुकायचा नाही." आम्ही माना डोलावल्या. आता रोजचा देखावा असा: फोन खणखणतो, आठ जण नवव्याकडे बघतात, नववा स्क्रीनमध्ये आणखी खोल घुसतो. चौथ्या-पाचव्या रिंगला एक बाई उचलतात. रोज त्याच. दिवसभर त्या दुसऱ्यांचे निरोप लिहून घेतात आणि त्यांचं स्वतःचं काम संध्याकाळी तसंच पडलेलं असतं.

बारभाईची शेती, काय लागेल हाती, त्यातला प्रकार.

माझं म्हणणं सरळ आहे. रिंग ग्रुप मोडा आणि वाटप यंत्राला करू द्या. जो सगळ्यात जास्त वेळ मोकळा बसलाय त्याचा एकट्याचा फोन वाजू दे. पंधरा सेकंदांत उचलला नाही तर पुढच्याचा. कुणी उचलला आणि कुणी वाजू दिला, याची नोंद आपसूक होते.

हा केवळ आमच्या आळशीपणाचा प्रश्न नाही. 1968 साली डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंटरकॉमवर एका माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवायचे. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के तो आवाज थांबायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. आमच्या ऑफिसात "आणखी आठ जण" आहेत. हिशेब तुम्हीच करा.

जुनी ऑपरेटर

अजिबात सहमत नाही. मी बोर्डावर बसून कॉल जोडलेत, त्यामुळे पलीकडच्या माणसाच्या बाजूने बोलते.

तुमची पंधरा सेकंदांची पाळी कागदावर छान दिसते. एक जण रजेवर, एक मीटिंगमध्ये, एक चहाला. तिघांपैकी कुणीही सिस्टिममधून बाहेर पडलेलं नाही, कारण कुणीच पडत नाही. झाली पंचेचाळीस सेकंद. तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो. आणि जे जागेवर बसलेत त्यांना शेजारच्या रिकाम्या टेबलावरची रिंग ऐकू येत असते. उचलत नाहीत, कारण "त्याची पाळी आहे". एकदम वाजत असताना निदान लाज तरी वाटते. पाळी लावली की लाजही गेली.

प्रयोगाचं म्हणाल, तर त्यातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेली होती. बाकीचे काय करतायत ते त्यांना दिसतच नव्हतं. तुमच्या ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघत बसतात असं तुम्हीच वर लिहिलंय. मग तो आकडा इथे कसा लागू होतो?

सदाव्यग्र

@जुनी ऑपरेटर, आकड्याबद्दल तुमचं बरोबर, तो मी जरा ताणला. पण दिसतं म्हणून लोक उठतात, हे मान्य नाही. आमच्याकडे सगळं दिसतं, तरी त्या बाईच उठतात.

सेल्सवाला

तुमच्याकडे कॉल ही पीडा आहे म्हणून कुणी उचलत नाही हो. जिथे कॉल म्हणजे कमिशन, तिथे या आणि बघा. आम्ही सहा जण एका ग्रुपात आहोत. पहिली रिंग पुरी होत नाही. दोघं एकाच क्षणी उचलतात, एकाला गिऱ्हाईक मिळतं आणि दुसऱ्याच्या कानात टूं टूं. मला हे आवडतं. ज्याचा हात चालतो त्याने कमवावं.

कॉल कुणाकडे जातो हा मामला पैशाचाच आहे, आणि जुना आहे. आपोआप कॉल जोडणारं स्विच ज्याने काढलं तो अल्मन स्ट्राउजर अमेरिकेत अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करायचा. एक्स्चेंजवरच्या ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात असा त्याला संशय होता, अशी गोष्ट सांगतात. 1891 साली त्याला पेटंट मिळालं. (जुनी ऑपरेटर, राग मानू नका.)

जुनी ऑपरेटर

राग कसला. पण त्याला मधला माणूस नको होता तो वाटप न्याय्य व्हावं म्हणून. तुम्ही त्याचं नाव घेऊन झोंबाझोंबीचं समर्थन करताय.

हिशेबनीस

मला वाटतं, सगळे चुकीच्या टोकाला धरून ओढताय. आधी हे बघा की फोनची रांग सामाईक आहे की प्रत्येकाची वेगळी. फरक सगळा तिथे पडतो.

समजा तासाला वीस कॉल येतात, प्रत्येक साधारण तीन मिनिटांचा आणि घेणारे दोघं. गिऱ्हाइकं निम्मी निम्मी वाटून दोघांचे थेट नंबर देऊन टाकले, तर निम्म्या लोकांना वाट बघावी लागते आणि सरासरी थांबणं येतं तीन मिनिटं. तेच वीस कॉल एका सामाईक नंबरावर घेऊन जो मोकळा असेल त्याला दिले, तर तिघांतल्या एकालाच थांबावं लागतं आणि सरासरी उतरते एका मिनिटावर. माणसं तीच, काम तेच. तिसरा माणूस बसवला तर अकरातल्या एकाला थांबावं लागतं, सरासरी आठ सेकंद. हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांगने मांडलं. वाट बघण्याची सूत्रं 1917 सालची आहेत, आणि कॉल सेंटरवाले माणसं किती लागतील ते अजून त्यावरूनच काढतात.

आता रिंग ग्रुप घ्या किंवा पाळीचं वाटप घ्या, दोन्हींत रांग सामाईकच आहे. तेव्हा मोठा फायदा दोन्हीकडे सारखाच. उरलेलं भांडण चवीचं. आणि नऊ जण कशाला लागतात? तासाला वीस कॉल असतील तर तिघं बसवा आणि बाकी सहांना ग्रुपातून काढा.

सदाव्यग्र

@हिशेबनीस, गणित पटलं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय: मोकळा माणूस फोन लगेच उचलतो. आमचा आजारच तो आहे की मोकळा माणूस उचलत नाही. एरलांगच्या सूत्रात "ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करणारा" असा घटक आहे का?

हिशेबनीस

नाही. तो तुम्ही पुरवायचा.

बिनतारी

पाळीच्या बाजूने माझं मत, पण कारण वेगळं. मी घरून काम करते, ऑफिसचा फोन मोबाइलवरच्या ॲपवर येतो. ग्रुपचा कॉल आला की आधी टेबलावरचे फोन वाजतात. माझं ॲप झोपेतून उठून वाजायला लागेपर्यंत एक-दोन सेकंद जातात. तेवढ्यात कुणीतरी उचललेलं असतं. म्हणजे शर्यतीत मी कायम शेवटची, आणि वर ऐकून घ्यायचं की "ही कधी फोन घेत नाही". कॉल माझ्या एकटीकडे आला तर मीही घेऊ शकते.

शिवाय "मिस्ड कॉल"ची यादी. दुसऱ्याने कॉल घेतला की सिस्टिमने बाकीच्या फोनना तसं कळवायचं असतं, म्हणजे तो चुकलेला म्हणून दाखवला जात नाही. आमची सिस्टिम कळवत नाही. संध्याकाळी माझ्या यादीत चाळीस चुकलेले कॉल असतात, त्यातले एकोणचाळीस कुणीतरी घेतलेले. तो चाळिसावा शोधायचा कसा?

आणखी एक खड्डा सांगून ठेवते. ग्रुपात कुणाचा साधा मोबाइल नंबर फॉरवर्ड करून घातला आणि त्याचा मोबाइल बंद असला, की त्याचं व्हॉइसमेल पटकन कॉल उचलतं. सिस्टिमला वाटतं माणसाने उचलला. बाकी सगळे फोन गप्प. आमचा पूर्ण सकाळचा धंदा असा एका व्हॉइसमेलने घेतला होता. "कॉल घ्यायला एक दाबा" ही सोय असेल तर ती लावल्याशिवाय मोबाइल ग्रुपात घालू नका.

आठवं एक्स्टेंशन

सदाव्यग्र, तुमच्या ऑफिसातल्या त्या बाई म्हणजे आमच्या ऑफिसातली मी. म्हणून सांगते, पाळी लावून माझं भलं झालं नाही.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणताय तसंच केलं. पहिला महिना छान गेला. मग साहेबांना ती नोंद सापडली. दर शनिवारी तक्ता लागायला लागला, कुणी किती कॉल घेतले. माझ्या शेजारचा हुशार. फोन उचलायचा, "एक मिनिट हं, संबंधितांना देतो" म्हणायचा आणि माझ्याकडे ट्रान्सफर. वीस सेकंदांत त्याचा एक कॉल झाला. मी तो गुंता वीस मिनिटं सोडवत बसायची, माझाही एकच कॉल झाला. आणि फोन ठेवला रे ठेवला की पुढचा वाजायचा, मागच्याचं लिहून घ्यायलाही उसंत नाही. दोन कॉलच्या मधे विसावा ठेवायची सेटिंग असते हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं.

मग कुणीतरी "ज्याचे कॉल सगळ्यात कमी त्याला द्या" हा प्रकार लावला. मी आठवडाभर रजेवर होते. परत आले तर माझे शून्य, बाकीच्यांचे शंभराच्या घरात. पहिल्या दिवशी आलेला प्रत्येक कॉल माझ्याकडे. रजेची वसुलीच म्हणा ना. आकडे शून्यावर आणायला कुणाला सुचलं नव्हतं.

ग्रुप वाजत होता तेव्हा निदान मी माझ्या मर्जीने उचलत होते.

सेल्सवाला

हा प्रतिसाद वाचून गप्प बसलो. पण तक्ता लावणं ही साहेबांची चूक, यंत्राची नाही.

आठवं एक्स्टेंशन

नोंद झाली की तक्ता लागतो. तक्ता न लावणारे साहेब तुम्ही पाहिलेत का?

तारतम्य

मधला मार्ग: आधी ज्यांचं ते कामच आहे अशा दोघांचे फोन वाजवा. बारा सेकंदांत उचलला नाही तर सगळ्यांचे. आणि जो जागेवर नाही त्याचा फोन आपल्या टेबलावरून ओढून घ्यायचा कोड सगळ्यांना पाठ करवून घ्या. बहुतेक सिस्टिममध्ये कॉल पिकअप असतंच, कुणी वापरत नाही.

जुनी ऑपरेटर

कोडाचं मी दहादा सांगितलं असतं. रिकाम्या टेबलावरची रिंग आपल्या जागेवरून घेता येते हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. धावत जाऊन उचलतात आणि पोचेपर्यंत बंद.

पण दोन टप्प्यांबद्दल शंका आहे. ते दोघं शिकतात की बारा सेकंद तग धरला की ओझं सगळ्यांवर जातं.

तारतम्य

तर मग ते दोघं चुकीचे निवडलेत. याला सेटिंग नाही.

सदाव्यग्र

धागा काढून तीन आठवडे झाले. काय झालं ते सांगतो, कारण काही जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

हिशेबनिसांचं ऐकून आठवडाभराचे कॉल मोजले. सगळ्यात गर्दीच्या तासातही चौदाच निघाले. नऊ जणांची गरज नव्हतीच. आता तिघांना पाळीने कॉल जातो, दर आठवड्याला तिघं बदलतात. दोन कॉलच्या मधे तीस सेकंदांचा विसावा ठेवलाय. एखाद्याने लागोपाठ दोन कॉल वाजू दिले की सिस्टिम त्याला आपोआप बाजूला काढते, म्हणजे जुन्या ऑपरेटरबाईंची पंचेचाळीस सेकंदं वाचली. तक्ता अजून लागलेला नाही. 'अजून' म्हणतोय.

बाकी सहा जण खूश आहेत, जरा जास्तच.

जुनी ऑपरेटर

बरं केलंत. पण ते तिघं जेवायला एकदम गेले की?

सदाव्यग्र

त्यावरच गाडी अडलीय. तिघांनी वेगवेगळ्या वेळी जेवावं असं सुचवून बघितलं, कुणी ऐकेना. सध्या एक ते दोन नऊच्या नऊ वाजतात.