४ पैकी ४.०९ जीपीए कसा? वेटेड-अनवेटेडचा हिशोब

भुसावळची_ताई
राम राम मंडळी. भाचा अमेरिकेत अकरावीत आहे. या वर्षाच्या निकालावर जीपीएचे (म्हणजे ग्रेडच्या सरासरीचे) दोन आकडे आलेत: अनवेटेड ३.६४, वेटेड ४.०९. पट्टी ४ ची, मग ४.०९ येतो कुठून? विषय असे: इंग्रजी ऑनर्स ए, एपी बायोलॉजी बी, अल्जेब्रा टू ए, एपी यूएस हिस्ट्री ए, स्पॅनिश बी, आणि पीई (शारीरिक शिक्षण) ए. ऑनर्स म्हणजे जरा वरच्या पातळीचा वर्ग, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा. पीईला अर्धंच क्रेडिट आहे. साधी सरासरी काढली तर ३.६७ येते, तीही जुळत नाही.
दुसरं, मुलगी जळगावला अकरावी सायन्सला आहे. तिलाही तिकडे अर्ज करायचाय. टक्क्यांचा जीपीए करायला कुणी २५ ने भागा म्हणतं, कुणी ९.५ ने. खरं काय?

गिरणाकाठ
ताई, आधी ३.६७ चं बघू. तुम्ही सहाने भागलं, तिथेच हिशोब हुकला. पाच विषयांना एकेक क्रेडिट आणि पीईला अर्धं, म्हणजे भागायचं ५.५ ने. आपल्या उमविच्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) निकालात एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, काढतात तसंच: गुणांक गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट.

अनवेटेडमध्ये ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १, एफ शून्य. विषय सोपा की अवघड, हे बघतच नाहीत.
४ + ३ + ४ + ४ + ३ = १८, पीईचे ४ × ०.५ = २. एकूण २०. २० ÷ ५.५ = ३.६४.

वेटेडमध्ये ऑनर्सला अर्धा आणि एपीला एक गुणांक वरून मिळतो. इंग्रजी ४.५, बायोलॉजी ४, अल्जेब्रा ४, हिस्ट्री ५, स्पॅनिश ३, पीई २. एकूण २२.५. भागिले ५.५ = ४.०९.

म्हणजे पट्टी इथे ४ ची राहिलीच नाही, ५ पर्यंत गेली. एपीतला बी आणि साध्या विषयातला ए एकाच किमतीचे झाले. काही शाळा वर्षभराच्या विषयाला ५ क्रेडिट लिहितात. त्याने बिघडत नाही, प्रमाण तेच राहतं.

निकालावर ए-मायनस, बी-प्लस असेल तर बहुतेक ठिकाणी अनुक्रमे ३.७ आणि ३.३ धरतात. चार वर्षांचा एकत्रित आकडा काढताना मात्र चार सरासऱ्यांची सरासरी काढू नका. दरवर्षी क्रेडिट सारखे नसतात, सगळे विषय एकत्र घेऊनच भागायचं.

अमळनेरकर
वरचा हिशोब बरोबर. पण एवढ्यावरून भाच्याच्या ४.०९ ची शेजारच्या शाळेतल्या ४.३ शी तुलना करायला जाऊ नका. वाढीव गुणांक किती द्यायचा हे तिथे शाळा किंवा डिस्ट्रिक्ट (स्थानिक शाळा-मंडळ) ठरवतं. कुठे ऑनर्सला काहीच नाही, कुठे पूर्ण एक. डी आला तर बऱ्याच ठिकाणी वाढीव मिळतच नाही.

एक गंमत बघा. पीई सोडून हिशोब केला तर २०.५ ÷ ५ = ४.१०. पीईत ए मिळाला आणि आकडा ४.०९ वर उतरला! सरासरी ४ च्या वर असली की साध्या विषयातला ए तिला खाली ओढतो. त्यामुळे नंबरासाठी धडपडणारी पोरं चित्रकला, बँड असले विषय टाळतात. मला विचाराल तर हा वेडेपणा आहे, कारण बरीच कॉलेजं ट्रान्सक्रिप्ट (विषयवार ग्रेडचा कागद) बघून आपल्या पद्धतीने आकडा पुन्हा काढतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर दहावी-अकरावीचेच ग्रेड धरते, तेही ठरावीक ‘ए टू जी’ विषयांचे. प्लस-मायनस सोडून देते, आणि वाढीव गुणांक जास्तीत जास्त ८ सेमिस्टरचेच, त्यातले दहावीचे ४ पेक्षा जास्त नाहीत. पीई त्यात येतच नाही.

तापीखोरे
ताई, मुलीचं सांगतो. २५ ने भागू नका, ९.५ ही नको. ९.५ चा गुणाकार सीबीएसईच्या जुन्या दहावी सीजीपीएचे टक्के काढायला होता, आपल्या बोर्डाशी त्याचा संबंध नाही. आणि २५ ने भागलं तर ७५ टक्क्यांचे ३.० होतात, म्हणजे तिकडचा बी. आपल्याकडे ७५ ला डिस्टिंक्शन म्हणतात! स्वतःच्या हाताने पोरीचं नुकसान का करायचं?

शाळा जीपीए देत नसेल तर कॉमन ॲपमध्ये (तिकडच्या अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) जीपीए स्केलला ‘नन’ निवडायचं आणि मार्कशीट आहेत तशा द्यायच्या. टक्के कसे वाचायचे (७५ पासून विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ३५ ला पास) हे मुलीच्या ज्युनिअर कॉलेजने ‘स्कूल प्रोफाइल’ नावाच्या पानावर लिहून द्यायचं असतं.

खरी अडचण वेगळीच येते. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. आपल्याकडे नववी-दहावी विद्यालयात आणि पुढचं ज्युनिअर कॉलेजात, म्हणून कागद दोन ठिकाणांहून लागतात. नववीचं प्रगतिपत्रक मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. दहावीच्या मार्कशीटवरचे टक्के बेस्ट ऑफ फाइव्हचे असतात, पण विषय सहा दिसतात. ते का, हेही प्रोफाइलमध्ये एका ओळीत येऊ द्या.

भुसावळची_ताई
धन्यवाद दादा. हे प्रोफाइल कॉलेजात लिहून कोण देणार? तिथे काउन्सेलर वगैरे कुणी नाही.

तापीखोरे
प्राचार्य किंवा विषयाचे सर चालतात. फक्त ईमेल शक्यतो कॉलेजच्या नावाचा हवा, खासगी जीमेलवरून आलं की तिकडून पडताळणीचे प्रश्न येऊ शकतात. मसुदा तुम्हीच तयार करून न्या, सरांनी तपासून सही-शिक्का दिला की झालं. आणि अकरावीचा निकाल बोर्डाचा नसतो, कॉलेजचाच असतो. त्यामुळे त्याच्या दोन-तीन प्रती निकालाच्या दिवशीच साक्षांकित करून घ्या, नंतर क्लार्कच्या खिडकीवर चकरा मारायला लागतात.