कार्डात नसलेली तिसरी सुई

(लोकमान्य नगर, इंदूर. आमच्या बिल्डिंगचा ग्रुप, मंगळवार संध्याकाळ)

नेहा ३०२: ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी प्लीज वाचा. आज चिनूला नऊ महिन्यांच्या लसीला नेलं होतं. गोवर-रुबेलाची आणि न्यूमोनियाची, अशा दोन सुया असतील हे धरून गेले. तिथे तिसरी पण टोचली, डाव्या दंडावर. विचारलं तर "नया आया है, सबको लग रहा है", बस. कार्डात नऊ महिन्यांच्या रकान्यात या सुईला जागाच नाही. घरी आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही माझा.

सुलभा काकू: अगं बाई! ताप आहे का त्याला?

नेहा ३०२: अंग जरा कोमट लागतंय. खेळतोय, दूध पण प्यायला.

जोगळेकर काका १०१: कार्डावर छापलेलं नसेल तर लस देऊच नये. साधा नियम आहे. लेखी तक्रार करा.

रोहन २०४: भिया लोक, हे बघा आत्ताच आलंय 👇
"नवीन टीकाकरण तालिका लागू. जुने सर्व डोस रद्द. सर्व बालकांना पुन्हा पहिल्यापासून..."

अमित ४०१: काय?? आमच्या ओवीचे सगळे डोस झालेत!

मेधाताई ५०३: रोहन, ते आधी डिलीट कर. खात्याचं नाव नाही, तारीख नाही, सही नाही. बाळाला दिलेला डोस असा रद्द होत नसतो. एखादा राहिला, उशीर झाला, तरी पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेला पुढे देतात.

रोहन २०४: केलं ताई.

कुलकर्णी सेक्रेटरी: सर्वांना सूचना. उद्या नर्मदेचं पाणी येणार नाही. टँकर सकाळी ७ वाजता. बादल्या भरून ठेवाव्यात.

वंदना वहिनी ४०२: मागच्या वेळी टँकर आला तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत पाणी चढलंच नव्हतं, हे पण सूचनेत लिहा.

कुलकर्णी सेक्रेटरी: वहिनी, मोटरचं त्या दिवशीच सांगितलं होतं. पुन्हा तोच विषय नको.

मेधाताई ५०३: नेहा, नीट ऐक. ती पोलिओची सुई आहे. दीड महिन्याला एक, साडेतीन महिन्यांना दुसरी, उजव्या दंडावर, या तुझ्या कार्डात असतील. तिसरी नऊ महिन्यांना, डाव्या दंडावर, ती १ जानेवारी २०२३ पासून देशभर सुरू झाली. ०.१ मिली, म्हणजे पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. कातडीतच देतात, म्हणून तिथे बारीक फुगवटा येतो. तुझं कार्ड जुन्या छपाईचं आहे. चिनूला जादा काही दिलेलं नाही.

जोगळेकर काका १०१: पुन्हा सांगतो. कार्डावर नाही तर देऊ नये.

मेधाताई ५०३: काका, कार्ड छापखान्यातून यायला वेळ लागतो. तोवर बाळाने थांबायचं का?

जोगळेकर काका १०१: तुम्ही आरोग्य खात्यातल्या. तुम्ही त्यांचीच बाजू घेणार.

मेधाताई ५०३: रिटायर झाले, पण बाळांची बाजू सोडलेली नाही.

अमित ४०१: पण तोंडातून थेंब देतात ना पोलिओचे? मग सुई कशाला?

मेधाताई ५०३: चांगलं विचारलंस. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. २५ एप्रिल २०१६ ला आपल्याकडे थेंब बदलले, त्यातून दुसरा प्रकार काढला. आताच्या थेंबात पहिला आणि तिसराच आहे. दुसऱ्यापासून बचाव फक्त सुईतून होतो. तिसऱ्या डोसाने तो आणखी पक्का होतो.

सुलभा काकू: पण आपल्याकडचा पोलिओ तर संपला ना गं?

मेधाताई ५०३: जंगली पोलिओची, म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूची, शेवटची केस जानेवारी २०११, हावडा. २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात अजून आहे. आपण सैल पडलो तर परत यायला वेळ नाही लागणार.

नेहा ३०२: ताई, हे सगळं तुम्ही मोजून पाच मिनिटांत सांगितलंत. मला तिथे कोणी एक वाक्य का नाही सांगितलं? लस चुकीची आहे असं मी म्हणतच नाहीये. माझ्या मुलाला काय दिलं हे मला कळायला नको?

मेधाताई ५०३: कळायलाच हवं. लस देणाऱ्याने आईला चार गोष्टी सांगूनच सोडायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते. पुढे कधी यायचं. काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. कार्ड जपून ठेवायचं आणि दर वेळी आणायचं. शिवाय अर्धा तास तिथेच बसवायचं. बदल झाला असेल तेव्हा तर सुई भरायच्या आधी सांगायला पाहिजे. गर्दी होती हे कारण मी पण ऐकून घेणार नाही.

अमित ४०१: यू-विनवर, त्या सरकारी लसीकरण पोर्टलवर, नोंद असली की मोबाईलवर मेसेज येतो ना?

नेहा ३०२: तारखेचा आला. काय वाढलंय त्याचा नाही.

सुलभा काकू: कचरागाडी रोज सकाळी ओला-सुका गात फिरते, अख्ख्या इंदूरच्या पोरांना पाठ झालंय. लसीचा बदल पण असाच दारोदार सांगा की!

रोहन २०४: काकू, एकदम बरोबर 👏 गाणं मी लिहितो.

वंदना वहिनी ४०२: त्या कचरागाडीत २०४ वाले ओला-सुका एकत्रच टाकतात, ते पण गाण्यात घे.

कुलकर्णी सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा.

जोगळेकर काका १०१: विषय हाच आहे की कार्डावर नसलेली लस देऊ नये.

अमित ४०१: मेधाताई, ओवीचं सगळं प्रायव्हेटला झालंय. सहा रोगांची एकच सुई. तिला नऊ महिन्यांना पोलिओची नाही दिली. राहिली का?

मेधाताई ५०३: त्या सुईत पोलिओचा भाग पूर्ण मात्रेचा असतो, म्हणून तिथलं वेळापत्रक वेगळं. घाबरू नकोस. तिच्या डॉक्टरांना कार्ड दाखव आणि पुढचा बूस्टर कधी ते लिहून घे. सरकारी आणि प्रायव्हेट तक्ते शेजारी ठेवून आपापले हिशेब करू नका, त्यात गोंधळच होतो.

नेहा ३०२: एक महत्त्वाचं. आपण सगळे इथे लिहितोय, पण खाली चौकीदार भैय्यांची सून आहे, ती या ग्रुपवर नाही. तिचं बाळ तीन महिन्यांचं होत आलं. दीड महिन्याच्या लसीनंतर रात्रभर तापलं होतं. तेव्हापासून सासू नेऊच देत नाही, असं ती परवा मला सांगत होती.

मेधाताई ५०३: हे मला आधी का नाही कळलं! दीड महिन्याला पेंटा ही पाच रोगांची एकच सुई देतात, तिने एक-दोन दिवस ताप येतो, मांडीवर गाठ येते. हे आधी सांगितलं असतं तर सासू घाबरली नसती. त्या बाळाचे अडीच महिन्यांचे डोस राहिलेत. पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) आहेत. डांग्या खोकला एवढ्या लहान बाळाला झाला तर जिवावर बेततं. मी खाली जातेय.

सुलभा काकू: मी पण येते. सासू माझं ऐकते.

वंदना वहिनी ४०२: त्यांच्या घरी फोन एकच आहे, तो भैय्यांकडे असतो. मेसेज आला तरी तिला कसा कळणार?

कुलकर्णी सेक्रेटरी: हे खरं आहे. लिफ्टशेजारच्या फळ्यावर हिंदीत मोठ्या अक्षरात लावू या. वाचता येत नसेल त्यांना भैय्या सांगतील. मेधाताई, मजकूर द्या.

जोगळेकर काका १०१: फळ्यावर लावताना कार्डाचा मुद्दा पण लिहा.

मेधाताई ५०३: लिहिते काका. "कार्डात जागा नसेल तर लसीचं नाव आणि तारीख हाताने लिहून सही घ्या." चालेल?

जोगळेकर काका १०१: हे चालेल. हेच म्हणत होतो.

(पाऊण तासाने)

मेधाताई ५०३: आत्ताच वर आले. बाळ छान आहे. ताप कशाने आला होता ते सासूबाईंना समजावलं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सकडून वजनाप्रमाणे विचारून घ्या, अंदाजाने देऊ नका, हे पण सांगितलं. "पहले बता देते तो हम क्यों रोकते" म्हणाल्या. शुक्रवारी नेतोय.

नेहा ३०२: मी पण येते. चिनूच्या कार्डावर त्या सुईची नोंद करून घ्यायची आहे, आणि तिथल्या सिस्टरना सांगायचं आहे की पुढच्या आईला आधी सांगा.

मेधाताई ५०३: शांतपणे बोल. त्या पोरी पण दिवसभर उभ्या असतात.

नेहा ३०२: शांतपणेच बोलणार. पण बोलणार. काका, शुक्रवारी तुमची गाडी मिळेल का? ऊन आहे आणि दोन बाळं आहेत.

जोगळेकर काका १०१: साडेनऊला खाली या.